नुस्तं पाणी

सीटी स्कॅनला आलेला माणूस मला सरासरी दहा आणे खरं सांगतो. उरलेले सहा आणे त्याच्या तोंडाच्या वासावरून, बायकोच्या चेहऱ्यावरून आणि शर्टावर सांडलेल्या टोस्टच्या भुग्यावरून काढावे लागतात. अकरा वर्षांचा हिशेब आहे, सहसा चुकत नाही.

मी यशोधरा. नगरातल्या एका स्कॅन सेंटरवर पेशंटची तयारी करून देते. सेंटरच्या शिक्क्यावर आता अहिल्यानगर आलंय, बाकावरची माणसं अजून नगरलाच येतात. आत मशीनवर फोटो काढतो तो चेतन, फोटो वाचतात त्या डॉक्टर मॅडम, आणि त्याच्या आधीचं सगळं माझ्याकडं. माणूस उपाशी आहे का, पाणी किती प्यायला, शीर कोणत्या हाताची चांगली, सांगितल्यावर श्वास धरता येतो का. हे सगळं एका लांबट रजिस्टरात लिहायचं. नाव, गाव, फोन, वजन, किडनीचा आकडा, शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, पाणी कोणतं, किती, आणि कडेला शेरा.

‘शेवटचं काय खाल्लं’ हा माझा लाडका रकाना. उपाशी म्हणजे काय, यावर आपल्या जिल्ह्यात अजून एकमत झालेलं नाही. चहा खाण्यात धरत नाहीत. चहात बुडवलेले टोस्ट चहात धरतात. तंबाखू तोंडात असते, ती पोटात कुठं जाते. एका निवृत्त गुरुजींनी मला समजावलं होतं की पोहे हा नाश्ता आहे, जेवण नव्हे, आणि मी फोनवर त्यांना जेवू नका एवढंच म्हणाले होते. मी त्यांना त्यांच्याच व्याकरणात उलट विचारलं, तेव्हा ते हसले आणि दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी आले. मला असं माणसांना चिमटे काढत काम करायची सवय आहे. त्यानं माणूस मोकळा होतो, शीर फुगते, सुई लवकर लागते. असं मी समजत होते.

पाणी दोन तऱ्हेचं असतं. पोटात गाठ आहे का, आतड्याला चिकटून काही आहे का हे बघायचं असलं, की पाण्यात औषध मिसळून तासभर घोटघोट पाजतात. ते कडवट लागतं म्हणून वर लिंबू सरबताची पूड टाकायची. त्यानं आतडी फोटोत पांढरी दिसतात. पण पोटातल्या रक्तवाहिन्या बघायच्या असल्या तर तिथं ते औषध नको. तेव्हा सुईतून रक्तात जे औषध सोडतात तेही पांढरंच दिसतं, आणि पांढऱ्यात पांढरं शोधायचं कसं? म्हणून त्या पेशंटला साधं पाणी. साधं पाणी फोटोत काळसर दिसतं, आतडी काळसर होतात, आणि त्यांच्यामधून वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उजळून निघतात. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागतं. रोज सांगते. त्या शनिवारी नाही सांगितलं.

त्या शनिवारी बाकावर अकरा माणसं होती. त्यात सहादू आणि त्यांची बायको भागिरथी. राहुरीच्या पुढं मुळेच्या कालव्यावरचं गाव. सहादू बत्तीस वर्षं पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या चारीला कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे बघणारा माणूस. मागच्या दिवाळीत वजन बासष्ट, आता चव्वेचाळीस. पायजम्याची नाडी दोन वेढे मारून बांधलेली.

मी रकान्यावर पेन टेकवलं. त्यांनी आपण होऊन सांगितलं, काल दुपारी अर्धी वाटी पेज, त्यानंतर अन्नाचा कण नाही. थांबले आणि पुढं म्हणाले, पहाटे पाचला मात्र एक चिमूट तंबाखू लावली होती, थुंकून चूळ भरली. अकरा वर्षांत तंबाखू विचारायच्या आधी सांगणारा हा पहिलाच. मी त्यांना मनातल्या मनात सोळा आणे दिले आणि म्हणाले, बाबा, तुम्ही पाटकरी होता ते पटत नाही, पाटकरी एवढं खरं बोलतो का? ते हसले. म्हणाले, पाणी वाटनाऱ्यानं खरंच बोलायला लागतं सिस्टर, शेतकरी घड्याळ घिऊन बांधावर बसल्याला असतो.

भागिरथीमावशी योजनेच्या कार्डाची झेरॉक्स काढायला खाली गेल्या, तेव्हा मी सहादूंच्या हाताची शीर चाचपत बसले होते. मी सहज विचारलं, एवढं वजन उतरलं, जेवण जात नाही का? त्यांनी जिन्याकडं बघून घेतलं, मग हळू आवाजात सांगितलं. भूक लागते. जेवणही जातं. पण जेवलं की अर्ध्या तासानं पोटात कुणी ओलं धोतर पिळावं तशी कळ येते आणि दोन तास सोडत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतड्याला रक्त नेणारी नळी आवळत आली असणार, जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं आणि ते पोचत नाही. सहादूंना ते एका झटक्यात कळलं होतं. म्हणाले, टेलला पानी पोचना, दुसरं काय. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक.

“पन जेवल्यावर दुखतंय हे भागीला न्हाई सांगितलं,” ते म्हणाले. “तिला म्हनलो जिभंची चव गेली. ती रोज नवं काहीतरी करती. तिखाट कमी करती, ज्वारी बदलती, भैनीकडून लोनचं आनती. जेवनानंच दुखतंय म्हनलं तर ती चूल कशी पेटवंल?”

मी म्हणाले, आज फोटो निघू दे. नळी कुठं आवळलीय ते दिसलं की पुण्याला तार घालून फुगवतात, आत जाळीची नळी बसवतात, मग काय जेवायचं ते जेवा. वेळ मोजका आहे, लांबवू नका, असं मॅडमनी त्यांच्या कागदावर लाल शाईनं लिहिलेलंच होतं. किडनीचा आकडाही जरा वर होता, म्हणजे सुईतलं औषध एकदाच, जपून द्यायचं होतं. एका दमात चांगला फोटो निघायला हवा होता. मी जाड सुई कोपराच्या शिरेत एका टोचणीत बसवली. श्वास घ्या, धरा, सोडा असं तीनदा करून घेतलं. माणूस दगडासारखा स्थिर. मी मनात म्हटलं, याचा फोटो भिंतीवर लावण्यासारखा निघणार.

त्यांच्या शेजारी कोपरगावहून आलेल्या झुंबरबाई होत्या, सासूला घेऊन. सासूच्या पोटात गाठीचा संशय, म्हणून तिला औषधाचं पाणी. झुंबरबाईंच्या हातात माझ्या पुड्या घातलेली दोन लिटरची बाटली, लिंबाच्या रंगाची. भागिरथीमावशींच्या हातात मी एक पांढरा जग दिला, साध्या पाण्याचा, आणि म्हणाले, हे वीस मिनिटांत संपवायचं, फक्त हेच.

मावशींनी जगात बघितलं. बाटलीकडं बघितलं. मग मला विचारलं, त्यांच्यात पूड टाकली, आमच्यात टाकायची राहिली का?

तिथं माझं अर्धं मिनिट होतं. मागून चेतन हाक मारत होता, एका म्हाताऱ्याची शीर सापडत नव्हती. मी जाता जाता म्हणाले, “मावशी, तुमचे मालक पाटकरी, त्यांना नुस्तंच पाणी लागतं.”

बाकावरची माणसं हसली. मावशीही हसल्या. त्यांच्या एका हातात जग होता आणि दुसऱ्या हातात योजनेचं कार्ड. आता आठवतं, हसताना त्यांनी ते कार्ड पदराखाली सरकवलं होतं. कार्डावरच्या माणसांना मी ओळखते. रेशनला त्यांना तांदळात कणी मिळते, दवाखान्यात मागचा बाक मिळतो, एसटीत सवलतीचं तिकीट काढलं की कंडक्टर सुट्ट्यासाठी थांबवतो. त्यांनी मनाशी जमाखर्च मांडला असणार. पैसे भरणाऱ्याला औषध, कार्डवाल्याला नळाचं पाणी.

पुढचं मला नंतर झुंबरबाईंकडून कळलं. सासू बाटलीला तोंड फिरवू लागली होती, अर्ध्याहून जास्त बाटली शिल्लक होती. मावशींनी काही मागितलं नाही. नुसतं म्हणाल्या, आमच्या ह्यांना नुस्तंच दिलंय. झुंबरबाई म्हणाल्या, मग घ्या की, आमच्या आत्याबाईंना जाईना, वतून टाकायचं तर तुमच्या मानसाच्या कामी यीऊ दे. डब्यातली भाजी शेजारच्याला द्यावी तशी बाटली इकडची तिकडं गेली. जगातलं पाणी दाराजवळच्या तुळशीच्या कुंडीत. मावशींनी बाटली धुवून परत द्यायची म्हणून पिशवीत ठेवली.

मी परत आले तेव्हा जग रिकामा होता. मी लिहिलं, साधं पाणी, एक लिटर. सहादू माझं लिहिणं बघत होते. त्यांना चव कळली असणारच. पण बायकोनं हातात दिलेलं विचारून प्यायचं, अशी त्यांची रीत नव्हती.

सुईतलं औषध सोडायच्या आधी चेतन एक साधा फोटो काढतो. काढला आणि काचेवर टिचकी मारून मला आत बोलावलं. पडद्यावर पोट पांढरं होतं. जठर पांढरं, त्याच्या पुढची आतडी पांढरी, नेमकी जिथं ती नळी फुटते त्याच्या अवतीभवती चुना फासल्यासारखं. मॅडम आल्या, बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्या ओरडत नाहीत, त्यामुळं जास्त लागतं. म्हणाल्या, यशोधरा, यात मी फांद्या कशा शोधू? किडनी अशी असताना औषध वाया घालवणार नाही. पोट साफ व्हायला एक दिवस जाईल. उद्या रविवार. सोमवारी सकाळी आठला पहिला नंबर यांचा.

मी मशीनच्या टेबलाजवळ गेले. सहादू तसेच आडवे होते, हात डोक्यावर घेतलेले, श्वास धरायला तयार. मी त्यांना विचारलं, पाणी आंबट होतं का? त्यांनी क्षणभर छताकडं बघितलं. मग मलाच विचारलं, त्यानं काय झालं? मी सांगितलं. पाटकऱ्याला समजावायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“म्हंजी वावर भिजलं,” ते म्हणाले. “समदं वावर भरल्यावर चारी कुटं दिसंल.”

मी हो म्हणाले.

“मीच प्यालो, सिस्टर. तहान लागली हुती, त्या बाईची बाटली दिसली, प्यालो. असं लिवा.” मी काही बोलायच्या आत ते पुढं म्हणाले, “आन भागीला सांगा, मशीन गरम झालं. मशीन तापतंच की.”

सोळा आण्याच्या माणसाचं ते पहिलं खोटं. मी त्याला धरू शकले असते. माझं तर कामच ते. मी रजिस्टर ओढलं आणि ‘साधं पाणी’ असं लिहिलं होतं त्याच्या पुढं शेऱ्यात लिहिलं, औषधाचे पाणी पोटात गेल्याने तपासणी रद्द, सोमवारी. रुग्ण सांगतो, तहान लागल्याने स्वतः प्यालो.

बाहेर येऊन मी मावशींना सांगितलं, मशीन गरम झालंय. त्यांनी मान डोलावली. आमची मोटर बी अशीच बसती, म्हणाल्या. झुंबरबाईंच्या सासूचा फोटो झाला होता, पण पाणी कमी पडल्यामुळं तिचीही आतडी नीट भरली नव्हती आणि मॅडम दुसऱ्यांदा कपाळाला हात लावून बसल्या होत्या. एका बाटलीत दोन फोटो गेले. दोन्ही बायका मात्र एकमेकींना गाव सांगत, लेकी सांगत बसल्या होत्या, जुन्या ओळखीच्या असाव्यात तशा.

मग मी सहादूंची सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. सोमवारच्या नंबराची आणखी दोन माणसं बाकावर होती. मी माझं नेहमीचं वाक्य बोलले. ते मी रोज बोलते, दाराला कडी घालावी तसं ते तोंडातून जातं. “उद्या पोटभर जेवून घ्या, सोमवारी उपाशी यायचंय.”

मावशींनी विचारलं, “ह्यांनी बी?”

मी ट्रेमधल्या सुया मोजत होते. मी म्हणाले, “सगळ्यांनी.”

सहादूंनी माझ्याकडं बघितलं. मग ते उठले, नाडी घट्ट केली आणि बायकोच्या मागं जिना उतरले. तासापूर्वीच त्या माणसानं मला, एकट्या मला, सांगितलं होतं की जेवणानंच दुखतं.

सोमवारी आठला ते आले नाहीत. साडेआठला मी त्यांच्या ओळीत शेरा लिहिला, गैरहजर. नऊला फोन केला. जावयानं उचलला. रविवारी रात्री पोट दुखायला लागलं, पहाटे नगरातच दुसऱ्या दवाखान्यात आणलं, पोट उघडलं तर आतडी काळी पडली होती. मंगळवारी दुपारी ते गेले.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. शनिवारी नळी दिसली असती तर रविवारी मी त्यांना पुण्याला पोचवलं असतं, म्हणाल्या. वाचले असते का, ते मला माहीत नाही. पुन्हा म्हणाल्या, माहीत नाही. मी किती आणे म्हणून विचारणार होते, विचारलं नाही.

सव्वा महिन्यानं भागिरथीमावशी आल्या, एकट्या, राहुरीहून एसटीनं. दुपारची वेळ होती, बाकावर कुणी नव्हतं. कपाळ मोकळं. मला वाटलं कसला कागद हवा असेल. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, तीच, दोन लिटरची. गळ्यापर्यंत भाजलेले शेंगदाणे भरलेले.

“कोपरगावच्या बाईंची हाय,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊनच गेली. आता रिकामी कशी द्यायची? तुमच्याकडं त्यांचा पत्ता आसंल.”

शेंगदाणे घरचे होते, त्यांनी सांगितलं. ह्यांनीच पेरलेले, काढायला मात्र जावई. त्यांनी मला दवाखान्याचं सगळं सांगितलं, कुणावर राग नव्हता. मग म्हणाल्या, मनाला एवढंच बरं वाटतंय सिस्टर, की माझ्याकडून त्यांचं कायबी ऱ्हायलं न्हाई. तुमी रागवाल म्हनून सांगितलं न्हवतं. त्या दिवशी मी त्यांना औषधाचंच पानी दिलं, ह्या बाईंकडून घिऊन. नुस्त्या पान्यावर आत पाठवलं आसतं तर आता जलमभर लागून ऱ्हायलं आसतं.

मी मान खाली घालून रजिस्टर ओढलं. झुंबरबाईंचा नंबर शोधायचा होता. त्या शनिवारचं पान उघडलं आणि तेव्हा लक्षात आलं की झुंबरबाईंच्या सासूची ओळ आणि सहादूंची ओळ एकाखाली एक आहे. मी पान हातानं झाकायला हवं होतं. मी नंबर उतरवून घ्यायला पेन शोधत राहिले.

मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी नवऱ्याचं नाव ओळखलं आणि त्यावर बोट ठेवलं. मग ते बोट रकान्या-रकान्यानं पुढं गेलं. गाव. वजन. पेज, अर्धी वाटी. तंबाखू एक चिमूट. तिथं त्या किंचित हसल्या. बोट शेऱ्यावर पोचलं आणि त्या अक्षर लावून वाचायला लागल्या. औषधाचे पाणी. तपासणी रद्द. तहान लागल्याने स्वतः.

बोट तिथंच थांबलं.

“ह्ये कुनी सांगितलं?”

“त्यांनीच.”

“त्यांना तहान लागली तरी ते मागून पानी पीत न्हवते,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्सं मी हातात द्यायचे तवा प्यायचे.” मग म्हणाल्या, “मंग मशीन गरम न्हवतं झालं.”

“नाही.”

त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. शनिवारी सांगायला हवं होतं ते अर्धं मिनिट, सव्वा महिन्यानं. साधं पाणी का, पांढऱ्यात पांढरं कसं हरवतं, सगळं. त्या ऐकत होत्या, एखादी बाई दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ऐकते तशी, मान न हलवता.

“नुस्तं पानी आसतं तर दिसलं आसतं?”

“दिसलं असतं.”

“आन दिसलं आसतं तर?”

“ते मॅडमनाही माहीत नाही, मावशी.” ते खरं होतं. पण मी ते ज्या आवाजात बोलले, त्यावरून त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. मी म्हणाले, चूक माझी होती, तुम्ही विचारलं तेव्हा मी चेष्टा केली. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या पानाकडंच बघत होत्या.

“त्ये खोडा,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या नावावर कशाला? माझं लिवा.”

मी म्हणाले, रजिस्टरात खोडता येत नाही. नियम आहे.

“मंग खाली लिवा.”

मी त्यांना समजावून बघितलं. हे कुणी वाचत नाही, वर्ष सरलं की ही रजिस्टरं माळ्यावर जातात. त्या म्हणाल्या, तुमी वाचता न्हवं. त्यांनी बत्तीस वर्सं पान्याचं खोटं लिवलं न्हाई, आन हितं त्यांच्या नावावर चोरून पानी प्याल्याचं ऱ्हानार.

मी खाली लिहिलं. पाणी पत्नीने दिले. त्यांना कळण्याजोगं मोठ्या अक्षरात. त्यांनी वाचून घेतलं, पेन मागितलं आणि सही केली. भागिरथी सहादू, एवढंच, वेलांटी उलटी. सही करून झाल्यावर त्या रडल्या. आवाज न करता, पदर न लावता, सही वाळायची वाट बघितल्यासारख्या.

मी पाणी आणून दिलं. प्यायल्या. पिशवीची घडी घातली. उठता उठता त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि चेहरा जरासा उजळला. सव्वा महिन्यात तो तसा फार वेळा उजळला नसणार.

“जेवले मातर, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “त्या आयतवारी. तुमी म्हनला हुता ना पोटभर जेवा. दुपारी नको नको म्हनत हुते. मी म्हनलं, सिस्टरनी सांगितलंय. मंग सांजच्याला बसले. दोन भाकरी खाल्ल्या. चार म्हैन्यांनी. म्हनले, भागी, चव आली बघ.”

मला वाटतं त्या माझ्या हो म्हणायची वाट बघत होत्या.

“काय केलं होतं?” मी विचारलं.

“वांग्याचं भरीत. ज्वारीची भाकर. कांदा. शेवटाला वाटीभर ताक.” मग रजिस्टरकडं हात करून म्हणाल्या, “तेबी लिवा की. तुमी विचारताच न्हवं, शेवटचं काय खाल्लं म्हनून.”

सोमवारच्या पानावर सहादूंची ओळ होती. नाव, गाव, पुढचे सगळे रकाने कोरे, आणि कडेला माझ्या अक्षरात गैरहजर. मी कोऱ्या रकान्यात लिहिलं. भाकरी दोन, वांग्याचे भरीत, कांदा, ताक एक वाटी. वेळ, रविवार, संध्याकाळी सात. मावशींनी वाकून बघितलं, बरोबर हाय म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. कठड्याला धरत, एकेक पायरी.

झुंबरबाईंना फोन केला. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, बाटली ठिवा तुमच्याकडं, मी न्हाई यीत न्ह्यायला. ती माझ्या टेबलाखाली आहे. भरलेली.

सोमवारची ती ओळ अधूनमधून उघडते. ‘गैरहजर’च्या पुढं दोन बोटं जागा शिल्लक आहे. जेवायला कुणी सांगितलं, ते एका ओळीत तिथं बसेल. मी दोनदा पेन घेतलं, दोनदा रजिस्टर मिटलं.

बाकावरच्या माणसांना आता मी एवढंच सांगते, उद्या नेहमीसारखं जेवा. आणि पाणी का साधं, ते सांगते. ती माणसं माझ्याकडं बघत राहतात, एखादी चेष्टा येईल म्हणून.